पंधरा हजारांवरची भिंत

सोमवार, २५ सप्टेंबर २०२३

डॉक्टरीणबाईंनी सिगारेट बंद केली आणि हातांना चाळा म्हणून काहीतरी लिहीत जा म्हणाल्या. तर लिहितो. मी एर्मिनियो, वय छप्पन्न, गावच्या रेडिओ केंद्रात तीस वर्षं तंत्रज्ञ. केंद्र बंद पडलं, मी अजून चालू आहे.

कोळशाच्या खाणीच्या जुन्या न्हाणीघराचं आता संग्रहालय होतंय. ते डोलोरेस चालवते. वयाने माझ्या मुलीसारखी, हुकूम सासूसारखे. तिने एकसष्ट जुनी रिळं माझ्या गळ्यात मारली आहेत. या डोंगरातली गाणी, सनया, बॅंड, सगळं संगणकात उतरवायचं. उद्घाटन १४ ऑक्टोबरला. त्या दिवशी दार उघडलं की लोकांच्या कानावर सगळ्यात आधी पडणार ते बासष्टावं रीळ, आमच्या घरचं. त्याच्या खोक्यावर झ्वानेकाकांच्या अक्षरात लिहिलंय: 'मे १९७१. जाड आवाज झ्वाने, बारीक आवाज प्येरो.'

झ्वानेकाका गाण्यातले जोडीदार, प्येरो म्हणजे माझे बाबा. त्याच सालच्या ऑगस्टमध्ये ते छातीच्या आजाराने गेले. मी चार वर्षांचा होतो. त्यांचे बूट आठवतात, कामावरून आल्यावरचा साबणाचा वास आठवतो. आवाज अजिबात आठवत नाही. माझ्यासाठी बाबांचा आवाज म्हणजे हे रीळ. सहा मिनिटं आणि काही सेकंद. जगात दुसरं काही नाही.

हे रीळ झ्वानेकाकांनी मला लग्नात दिलं, १९९१ साली. भर जेवणात लावलं. सगळे मान खाली घालून ताटात बघत बसले, कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही, इतकं ते लोकांच्या आत गेलं. आई उठून स्वयंपाकघरात गेली. माझं लग्न सहा वर्षं टिकलं. रीळ टिकलं.

मंगळवार, २६ सप्टेंबर

डोलोरेसशी पहिलं भांडण झालं. तिचं म्हणणं, खरखर सगळी गाळून टाका, लोकांना स्वच्छ ऐकायची सवय आहे. मी म्हटलं, बाई, भाजी धू, पण साल काढून, बिया काढून, वर रंग लावून मला वाढू नकोस. जुन्या टेपची खरखर म्हणजे तिचा जन्मदाखला आहे.

दुसरं भांडण मोजण्यांवरून. आवाज आत घेताना यंत्र तो सेकंदाला हजारो वेळा मोजतं. जितक्या मोजण्या, त्याच्या निम्म्यापर्यंतचेच उंच स्वर त्याला कळतात. त्याहून उंच काही आत शिरलं तर ते तोंड बदलून खालच्या स्वरांत मिसळतं आणि एकदा मिसळलं की कुणाच्या बापाला वेगळं काढता येत नाही. म्हणून गाळायचं ते मोजायच्या आधी. दळणात खडे गेल्यावर चाळणी घेऊन उपयोग काय? हे मी केंद्रात चार पिढ्यांच्या पोरांना शिकवलं. तर मी मोजण्या शहाण्णव हजारांवर ठेवल्या आहेत. डोलोरेस म्हणते, "एवढ्या कशाला, मिनियोकाका? माणसाला सेकंदाला वीस हजार कंपनांच्या वरचं ऐकू येत नाही, आणि तुमच्या वयात तर बाराच्या वरचं नाही." खरं आहे. पण मला ऐकायचं नसतं, बघायचं असतं. पडद्यावर आवाजाचं चित्र उमटतं, खाली जाड स्वर, वर बारीक, आणि त्यात टेपची सगळी कुंडली दिसते.

बुधवार, २७ सप्टेंबर

झ्वानेकाका आले, अंजिरं घेऊन. ऐंशी वर्षं वय, पण चढण अजून न थांबता चढतात. बाबांचे जोडीदार, आणि त्या काळी खाणीचं रेकॉर्डिंगही तेच करायचे. आमच्याकडे दोघांनी मिळून गायचं असतं, खांद्याला खांदा लावून, एकाचा आवाज जाड, दुसऱ्याचा बारीक, आणि दोघांत अंतर एवढं कमी की परक्या माणसाला वाटतं यांचं बेसूर झालंय. बाबा गेल्यावर काकांनीच मला गाणं शिकवलं, आणि लग्नानंतर बारीक आवाज त्याच रिळावरून बसवून घेतला. पुढे मी बारीक आवाजासाठी तीनदा बक्षीस घेतलं. पुला शहराच्या वर्तमानपत्राने लिहिलं होतं: 'बापाचा गळा मुलाला.' ते कात्रण अजून फ्रिजवर आहे.

काका म्हणाले, "रीळ कशाला काढतोस, पोरा? बावन्न वर्षांचं आहे, यंत्रावर चुरा होईल. तुझ्याकडे कॅसेट आहे ना त्याची? तीच घाल संगणकात. ऐकणाऱ्याला काय कळतंय."

"कॅसेटमध्ये वरचे स्वर मरतात, काका."

"वरचे स्वर ऐकतो कोण? वटवाघळं?"

किती जीव आहे या माणसाचा त्या रिळावर. मी सांगितलं, तुमच्या लेकरासारखं सांभाळीन.

आईने त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही. गेली कित्येक वर्षं तिचं हेच आहे. काका दारात दिसले की ही बाहेर, नाहीतर स्वयंपाकघरात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला शिष्टाचार कोण शिकवणार? म्हातारपण माणसाला कडू करतं, दुसरं काय.

शुक्रवार, २९ सप्टेंबर

आज बाबांचं रीळ लावलं. चुरा वगैरे काही झाला नाही. टेप लोण्यासारखी फिरली.

पण चित्रात काहीतरी विचित्र दिसतंय. जुन्या टेपची खरखर वर वर जाते तशी विरत जाते, टेकडीचा उतार असतो तशी. हिच्यात पंधरा हजारांच्या जरा वर सरळ भिंत आहे. सुरीने कापल्यासारखी. गाण्यात 'स' आला की त्याची वाफ वर चढते आणि त्या भिंतीला डोकं आपटून थांबते. भिंतीच्या वर नुसती फिकी धूळ.

माझंच काहीतरी चुकलं असणार. कुठलीतरी चाळणी चालू राहिली असेल. उद्या बघतो.

शनिवार, ३० सप्टेंबर

सगळ्या जोडण्या काढून पुन्हा लावल्या. मग खात्रीसाठी त्याच सालचं, त्याच यंत्रावरचं, झ्वानेकाकांनीच घेतलेलं दुसरं रीळ लावलं. १९७१ च्या जूनमधला बॅंड, कुणा पाहुण्यांच्या स्वागताचा. तुतारीवाला अर्धा स्वर खाली, ढोलवाला प्यायलेला. पण खरखर कशी, थेट तीस हजारांपर्यंत उतरत गेलेली. निरोगी रीळ.

म्हणजे यंत्र ठीक आहे. भिंत बाबांच्या रिळातच आहे.

अशी भिंत साधी टेप कधी घालत नाही. ही आकड्यांच्या, म्हणजे डिजिटल, यंत्राची खूण. सेकंदाला बत्तीस हजार मोजण्या, त्याचे निम्मे सोळा, आणि त्याच्या थोडं आधी चाळणी. आणि १९७१ साली असलं यंत्र या डोंगरात नव्हतं.

सोमवार, २ ऑक्टोबर

रविवारभर डोकं खाल्लं आणि आज आंघोळीत लख्ख कळलं. नव्वद साली आमच्या केंद्रात पहिलं आकड्यांचं यंत्र आलं. साहेब चिक्कू, टेप दुप्पट पुरावी म्हणून ते कायम बत्तीस हजारांवर चालवायचे. आणि माझ्या लग्नाच्या आधी, ईस्टरच्या सुमारास, झ्वानेकाकांनी माझ्याकडे स्टुडिओची किल्ली मागितली होती. मीच त्यांना ते यंत्र शिकवलं, पूर्ण दुपार. काय काय विचारलं त्यांनी. एकीकडे वाजवून दुसरीकडे त्यावर भर कशी घालायची, हेसुद्धा. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस इतक्या हौसेने शिकतोय म्हणून मला कोण कौतुक.

तर उलगडा असा: काकांनी मूळ रीळ त्या यंत्रात उतरवलं, त्यावरून नव्या रिळावर नक्कल केली आणि लग्नात मला दिली ती नक्कल. मूळ स्वतःजवळ ठेवलं. लबाड म्हातारा. रागवावं की मिठी मारावी? म्हणजे कुठेतरी त्यांच्या कपाटात बाबांचा आवाज अख्खा पडलाय, भिंतीशिवाय, वरच्या उतारासकट. मी बत्तीस वर्षं चाळलेले बाबा ऐकले. आता पूर्ण ऐकणार.

आईला जेवताना सांगितलं. तिने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "जुनं उकरू नको. आहे ते बरं आहे." मी म्हटलं, आई, तू नवऱ्याचा आवाज ऐकायला नाही म्हणणारी पहिलीच बाई असशील. 

मंगळवार, ३ ऑक्टोबर

काकांकडे गेलो. द्राक्षं काढून झाली होती, तळघरात आंबलेला वास. थेट विचारलं, मूळ रीळ कुठे लपवलंय? हसत हसत विचारलं.

काका पिंपाचं फडकं पिळत राहिले. "कुठलं मूळ?"

मी सगळं सांगितलं, भिंत, मोजण्या, ते यंत्र. म्हणालो, "चोरी पकडली बघा तुमची."

"तू पडद्यावर बघून सांगतोस हे?"

"आता कान म्हातारे झाले, डोळ्यांनी ऐकतो."

"शोधतो," ते म्हणाले. "खूप पसारा आहे. शोधतो."

त्यांनी कोरडं झालेलं फडकं पुन्हा पिळलं. त्यांना एवढं म्हातारं मी याआधी पाहिलं नव्हतं. येताना वाईनची बाटली दिली, ती मी आईपासून लपवून ठेवली आहे.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

काकांचा फोन नाही. दोनदा केला, उचलत नाहीत.

मी रिकामा बसलेला. म्हणून ते सहा मिनिटांचं गाणं घेऊन बसलो आणि एकेक श्वास ऐकला. ऐकायला नको होता.

दोघं जण गातात तेव्हा काय होतं ते मला माहीत आहे, मी चाळीस वर्षं गातोय. जाड आवाज सुरू करतो, बारीक दुसऱ्या शब्दाला येऊन मिळतो. एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहायचं. बारीकवाल्याचा दम कमी पडला तर जाडवाला शेवटचा स्वर ओढून धरतो, त्याला यायला जागा देतो. गाण्याची अर्धी गोडी त्या थांबण्यात आहे. कुठलीही दोन माणसं घ्या, भांडून आलेली घ्या, तरी ती थांबतात.

या गाण्यात जाड आवाज एकदाही थांबत नाही. चौथ्या कडव्यात बारीक आवाज उशिरा येतो, धापा टाकत पकडतो, आणि जाडवाला आपला सरळ पुढे. जसं शेजारी कुणी उभंच नाही.

नंतर दोन्ही आवाजांचं चित्र एकाखाली एक ठेवलं. मग संगणक बंद केला.

रविवार, ८ ऑक्टोबर

सगळे चर्चमध्ये असताना गेलो. काका गेले नव्हते, घरामागे बाकावर बसले होते. जणू मी येणार हे ठाऊक होतं. मी उभाच राहिलो.

"बारीक आवाज कुणाचा?" मी विचारलं.

"बस."

"कुणाचा?"

"माझा," ते म्हणाले. "दोन्ही माझे."

मग एकदम सगळं बोलले, पावती फाडून दिल्यासारखं. मे महिन्यात त्यांनी बाबांना खरंच रेकॉर्ड केलं होतं. जूनमध्ये वरून आदेश आला, पाहुणे येताहेत, बॅंड घ्या. कोरी रिळं नव्हती, महिनाभर मिळणार नव्हती. "मी म्हटलं, प्येरो काय, इथेच आहे. तिशीचा माणूस. ऑगस्टमध्ये पुन्हा घेऊ. बॅंड त्याच्यावर घेतला."

तो बॅंड. निरोगी रीळ म्हणून मी ज्याचं कौतुक केलं, तोच.

"मग तो गेला. मातीच्या दिवशी तुझ्या आईने विचारलं, टेप आहे ना? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? मग ती दरवर्षी विचारायची. वीस वर्षं मी आहे, आहे म्हणत राहिलो. तुझं लग्न ठरलं आणि ती म्हणाली, पोराला दे, त्याने बापाला ऐकू दे. मग माझ्याकडे रस्ता राहिला नाही."

"रस्ता होता. खरं सांगायचा."

"हो," ते म्हणाले. "तो होता."

"आणि मला गळा शिकवलास तो? बापाचा गळा?"

"मला आठवत होता तसा शिकवला, मिनियो. मन लावून शिकवला."

"तू माझ्याकडूनच शिकलास ना रे ते यंत्र? माझ्याकडून किल्ली घेतलीस. माझ्याच हातांनी मला गाडलंस."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अरे-तुरे केलं. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही, हेच मला जास्त लागलं. येताना त्यांची वाईन त्यांच्या बाकावर ठेवून आलो.

सोमवार, ९ ऑक्टोबर

चार सिगारेटी ओढल्या. फ्रिजवरचं कात्रण काढलं.

बुधवार, ११ ऑक्टोबर

दोन दिवस बॅंडचं रीळ लावून बसलोय. बॅंडच्या दोन धुनांच्या मधे अकरा सेकंद काहीच नाही, फक्त खरखर. त्याच्या खाली, पुसल्यानंतरही, बाबांचं काहीतरी उरलं असेल असं वाटत होतं. कधी कधी उरतं. पुसणारं यंत्र जुनं असेल, टेप जराशी वाकडी गेली असेल, तर कडेला एक धागा राहतो. म्हणून गाळलं, खालून गाळलं, वरून गाळलं, जे उरलं ते फुगवलं. काल संध्याकाळी मला स्पष्ट ऐकू आलं, कुणीतरी गातंय. आज सकाळी तेच पुन्हा लावलं तर काही नाही. फुगवलं की खरखरीतून माणसाला हवं ते ऐकू येतं, हे मी स्वतः शिकवायचो.

झ्वाने चांगला तंत्रज्ञ होता. पुसलं ते स्वच्छ पुसलं.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

डोलोरेसला सांगितलं, बासष्टावं रीळ काढून घे. कारणही सांगितलं. तिने कार्यक्रमाचा कागद पुन्हा वाचला. मग म्हणाली, "पण मिनियोकाका, गाणं तर चांगलं आहे. लोकांना काय फरक पडतो?"

मी म्हटलं, लोकांना काहीच पडत नाही, मला पडतो. ती तोंड कसनुसं करून पाटी बदलायला गेली. शनिवारी दार उघडल्यावर सनया वाजतील.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

आईला सांगायचं कसं, यावर पाच दिवस घालवले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, तिच्या नवऱ्याचा एकुलता एक आवाज खोटा निघाला. हृदयाच्या गोळ्या हाताशी ठेवून बसलो.

आई टेबलाशी मनेश्त्रासाठी, आमच्या घट्ट सुपासाठी, शेंगा सोलत होती. मी सगळं सांगितलं. तिने सोलणं थांबवलं नाही.

"झालं सांगून?" ती म्हणाली. "मला पहिल्या ओळीला कळलं होतं."

"कधी?"

"तुझ्या लग्नात, दुसरं कधी? तुझ्या बापाला 'र' म्हणता यायचा नाही. गाण्यातलं तारा-रारा-नाना म्हणायला गेला की ताया-याया-नाना यायचं. सगळं गाव त्याची नक्कल करायचं. आणि टेपमध्ये बघ, कसा खणखणीत र. झ्वानेला तेवढं खोटं करायला धीर झाला नाही."

"गावाला माहीत होतं?"

"टेबलावरच्या प्रत्येकाला."

म्हणून टाळ्या नव्हत्या. शंभर-सव्वाशे माणसं माझ्या लग्नात जेवत होती आणि सगळ्यांना माहीत होतं. नंतर मी बक्षीस घ्यायला उभा राहिलो तेव्हाही हीच माणसं समोर बसली होती. बापाचा गळा म्हणून खांद्यावर थाप देत होती. मी आईला म्हटलं, झ्वानेने एकदा फसवलं, तू बत्तीस वर्षं रोज फसवलंस.

"तू डोळे मिटून बसला होतास," आई म्हणाली. "चोवीस वर्षांचा घोडा, आणि तोंड असं झालं होतं जसं कुणी कडेवर घेतलंय. मी उठून सांगायला हवं होतं, की हा तो नाही? सांगितलं असतंस तू?"

 राग होता, तो अजून आहे, आणि तो जाणार नाही असं वाटतं. पण रागाच्या खाली मला एक गोष्ट हवी होती आणि ती आता फक्त हिच्याकडेच होती. मी तिच्या हातातल्या शेंगा बाजूला केल्या. म्हटलं, मग तू मला सांग तो कसा गायचा. गाऊन नको दाखवू. नुसतं बोलून दाखव. मला जेवायला हाक कशी मारायचा? एक शब्द, त्याच्यासारखा.

आईने डोळे मिटले. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मग हळूहळू तिने मान हलवली.

"त्याला र येत नव्हता हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्याच्या बुटाचं माप माहीत आहे, तसं. पण ऐकू येत नाही, मिनियो. डोळे मिटले की झ्वानेच येतो."

"कधीपासून?"

"ते कसं सांगू? आधी कितीतरी वर्षं होता तो, माझ्याकडे नीट होता. मग तू प्रत्येक नाताळला लावायचास, प्रत्येक वाढदिवसाला, पाहुणे आले की लावायचास. मी स्वयंपाकघरात जायचे, दार लावून घ्यायचे, नळ सोडायचे. तरी यायचाच आत."

तिने शेंगा पुन्हा पुढे ओढल्या. मीही समोर बसून सोलायला लागलो. मीच लावायचो, आणि आवाज मोठा ठेवायचो, तिला आतपर्यंत ऐकू जावा म्हणून.